घरातला छोटा ॲम्प: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

(या भागात बोललेल्या मजकुराचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडीफार काटछाट केली आहे.)

आजचा विषय आहे इलेक्ट्रिक गिटारचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प. स्टेजवरचा मोठा नव्हे. घरात कोपऱ्यात, पलंगाखाली, नाहीतर कपाटावर असतो तो. १० वॉटच्या आसपासचा, छोट्या स्पीकरचा. फेंडरचा फ्रंटमॅन १० जी घ्या, मार्शलचा एमजी १० घ्या, किंवा सेलवर चालणारा बॉसचा कटाना मिनी घ्या. गिटार शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला ॲम्प याच जातीचा असतो.

आणि याच ॲम्पबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात. खरखर येते, आवाज मधेच जातो, घुंऽऽ असा आवाज सतत येत राहतो. मग माणूस ठरवतो की स्वस्तातला होता, गेला. पुढे दोन गोष्टी होतात. एकतर दुप्पट पैसे टाकून नवा ॲम्प येतो, नाहीतर गिटारच भिंतीला टेकते ती टेकतेच. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते.

मला आज एवढंच सांगायचंय की या डब्यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा हलणाऱ्या जागी बिघडतं. केबलची पिन, जॅक, नॉब, स्विच, सेलच्या पट्ट्या. आतली चिप शांतपणे वर्षानुवर्षं काम करत असते. म्हणून आधी हलणाऱ्या जागा तपासायच्या. याला एक अपवाद आहे, अर्थिंगचा. तिथे काही हलत नाही, पण जिवाशी गाठ असते. त्यावर शेवटी सविस्तर बोलू.

आधी सिग्नलचा रस्ता समजून घेऊ. तार हलली की पिकअपच्या कॉइलमध्ये अगदी लहानसा व्होल्टेज तयार होतो. साध्या पॅसिव्ह पिकअपमधून साधारण शंभर ते काही शे मिलिव्होल्ट मिळतात. तो केबलमधून ॲम्पच्या इनपुट जॅकमध्ये येतो. मग प्रीॲम्प, म्हणजे गेन नॉबचा भाग. मग टोनचे नॉब, मग व्हॉल्यूम, मग पॉवर ॲम्पची चिप, मग हेडफोनचा जॅक आणि शेवटी स्पीकर. हेडफोन जॅक बऱ्याच ॲम्पमध्ये स्पीकरच्या आधी, रस्त्यातच बसवलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता वापराबद्दल थोडं, कारण कितीतरी 'बिघाड' हे खरं तर सेटिंग असतात.

गेन आणि व्हॉल्यूम हे दोन वेगळे नॉब का असतात? गेन म्हणजे सिग्नल सुरुवातीला किती वाढवायचा. तो जास्त झाला की लाटेची टोकं कापली जातात, आणि तोच आपला डिस्टॉर्शन. व्हॉल्यूम म्हणजे शेवटी स्पीकरला किती द्यायचं. स्वच्छ आवाज हवा असेल तर गेन कमी आणि व्हॉल्यूम जास्त. फाटलेला हवा असेल तर उलटं. शिकणाऱ्यांचा गेन बऱ्याचदा कायम वर असतो, कारण सगळं भारी वाटतं. पण गेन वाढवला की सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. तुमच्या ॲम्पमधून फार आवाज येतोय असं वाटत असेल तर पहिलं काम, गेन निम्म्यावर आणून ऐका.

दुसरं, वॉट. १० वॉट म्हणजे १०० वॉटच्या एक दशांश आवाज, असं नसतं. पॉवर दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे १० वॉटचा ॲम्प १०० वॉटच्या साधारण निम्मा मोठा वाटेल. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे भरपूर होतं, शेजारच्या काकूंना विचारा.

तिसरं, बेस. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर साधारण ८२ हर्ट्झचा असतो. सहा इंची स्पीकर आणि एवढासा डबा, तिथपर्यंत नीट पोचतच नाही. बेसचा नॉब पूर्ण फिरवला तर खालचा स्वर येत नाही, नुसता स्पीकरचा कागद फडफडतो. 'माझा स्पीकर फाटलाय' म्हणणाऱ्यांनी बेस अर्ध्याच्या खाली आणून बघावं. आणि याच कारणासाठी बेस गिटार या ॲम्पला लावायची तर अगदी हळू आवाजात लावा. तिची जाड तार ४१ हर्ट्झची, स्पीकरला ते झेपत नाही.

चौथं, जागा. ॲम्प जमिनीवर आणि आपण उभे, म्हणजे वरचे तीव्र स्वर आपल्या गुडघ्याला ऐकू येतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे थोडा कलता करून तोंड कानाकडे करा. कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो. फुकटात आवाज सुधारायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

बरं, आता खराखुरा बिघाड. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथे एक सवय लागते. शंभर बदलांपैकी कुठल्या तरी एकाने गडबड केली असेल तर एकेक तपासत बसायचं नाही. मधोमध जाऊन बघायचं, इथपर्यंत ठीक आहे का? ठीक असेल तर गडबड पुढच्या अर्ध्यात. नसेल तर आधीच्या अर्ध्यात. मग परत त्याचा अर्धा. ॲम्पला हे तंतोतंत लागू पडतं.

समजा आवाजच येत नाहीये. आपला रस्ता मधोमध तोडायचा. बऱ्याच छोट्या ॲम्पला फोन जोडायचा एक ऑक्स जॅक असतो. त्यात फोन जोडून गाणं लावा. गाणं स्पीकरमधून वाजलं, म्हणजे पॉवर ॲम्प, स्पीकर आणि वीज सगळं ठीक. बिघाड गिटार, केबल, इनपुट जॅक किंवा प्रीॲम्पमध्ये. गाणंही वाजलं नाही तर हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्ये आवाज आला आणि स्पीकरमध्ये नाही, तर शेवटच्या दोन-तीन गोष्टीच उरतात. दोन मिनिटांत शोध निम्म्याहून कमी झाला, आणि अजून स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला नाही.

गिटार आणि केबल तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चांगल्यापैकी मिळतो. केबल गिटारला लावा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, आणि केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला आणि दांड्याला मीटर लावून रेझिस्टन्स मोजा. साध्या पिकअपला साधारण ५ ते १५ किलो-ओहम दिसायला हवा. शून्य दिसला तर कुठेतरी शॉर्ट आहे. शेकड्यात किलो-ओहम किंवा काहीच नाही दिसलं तर कुठेतरी तार तुटलीय. आकडा बघत बघत केबलची पिन हळूच वाकवा. आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला. ॲक्टिव्ह पिकअपच्या, म्हणजे आत बॅटरी असलेल्या गिटारला हा आकडा लागू नाही. तिथे आधी बॅटरी बदलून बघायची. आणि ॲक्टिव्ह गिटार असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण पिन आत असली की बॅटरी चालूच राहते.

ही पाव इंची पिन, जी आपण रोज आत-बाहेर करतो, ती मुळात १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनली. पिन दणकट आहे. पण छोट्या ॲम्पमध्ये तिचा जॅक थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. केबलवर पाय पडला, कुणी ओढली, की सगळा जोर त्या बारीक सोल्डरच्या डागांवर येतो. काही महिन्यांनी डागाभोवती बारीक भेग पडते. रिपेअरवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. पिन हलवली की आवाज येतो-जातो, ते बहुतेक वेळा हेच. उपाय म्हणजे तो डाग पुन्हा तापवून नीट देणं, पाच मिनिटांचं काम.

ते होऊच नये म्हणून दोन सवयी लावा. केबल आधी ॲम्पच्या हँडलमधून एक वेढा घेऊन मग जॅकमध्ये घाला, म्हणजे ओढ बसली तर ती हँडलला बसते. आणि जॅकच्या बाहेरचं नट सैल वाटलं तर लगेच घट्ट करा. पण जॅक आतल्या आत फिरत असेल तर थांबा, नाहीतर नटबरोबर बोर्डही पिळवटेल.

आता तो हेडफोन जॅक. ऑफिसमधल्या एका मित्राच्या ॲम्पमधून स्पीकरचा आवाज पूर्ण बंद झाला. एका दुकानात सांगितलं की पॉवरची चिप उडालीय, बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या. दोन महिने त्याची गिटार बंद. मी विचारलं, हेडफोनमध्ये येतो का आवाज? म्हणे हो, एकदम मस्त येतो. आता विचार करा, चिप उडाली असती तर त्या ॲम्पमध्ये हेडफोनला आवाज कुठून येणार? हेडफोन जॅकच्या आत एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पिन घातली की ती उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो. पिन काढली की ती परत टेकते. तिच्यावर गंज किंवा मळ बसला की पिन नसतानाही जॅकला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. आम्ही पिनेला कॉन्टॅक्ट क्लीनर लावून ती पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केली. स्पीकर बोलायला लागला. त्याच संध्याकाळी तो वाजवत होता.

कॉन्टॅक्ट क्लीनरचं नाव निघालंच आहे तर नॉबबद्दल बोलू. नॉब फिरवताना खरखर येते, कारण आत कार्बनच्या पट्टीवरून एक छोटा ब्रश फिरत असतो आणि त्यात धूळ, गंज बसतो. ॲम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला, आणि मग इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर नॉबच्या कडेने थोडासा फवारायचा. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. वाळू द्यायचं, मग चालू करायचं. घरात असतो तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० यासाठी वापरू नका. तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर पुन्हा धूळ चिकटते. त्याच कंपनीचा वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो चालतो. आणि नुसती रोज वापरातली थोडी खरखर असेल तर आधी क्लीनरशिवाय नॉब तीस वेळा फिरवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच जाते.

आता घुंऽऽ. याला सगळे हम म्हणतात. इथेही तेच, रस्ता तोडायचा. ॲम्पमधून केबल पूर्ण काढा. हम गेला? मग ॲम्प निर्दोष आहे, हम बाहेरून येतोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि घरातल्या प्रत्येक वायरीभोवती तिचं क्षेत्र असतं. सिंगल कॉइल पिकअप हे क्षेत्र अँटेनासारखं पकडतो. याच त्रासापायी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन कॉइल उलट जोडून हमबकर बनवला. तुमच्या गिटारवर सिंगल कॉइल असेल तर थोडा हम राहणारच. खोलीत जागा बदला, अंगाची दिशा बदला, हम कमी-जास्त होताना ऐकू येईल. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, लॅपटॉपचा चार्जर, एकेक बंद करून बघा. मोबाइल ॲम्पवर ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

तारांना हात लावल्यावर हम कमी होतो? ते बरोबर आहे. तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, तुमचं शरीर त्या वेळी ग्राउंडला जोडलं जातं. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र गिटारच्या आतली ग्राउंडची वायर सुटलीय का बघावं लागेल.

आणि केबल काढल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावरही हम तसाच असेल तर? मग तो पॉवर सप्लायमधून येतोय. जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. हम त्याच सुरात असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे विजेतली लहर गुळगुळीत करणारा फिल्टर कपॅसिटर थकलाय. जुन्या ॲम्पमध्ये होतं. कपॅसिटर स्वस्त असतो, पण हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. का ते सांगतेच.

त्याआधी वीज आत येते त्या जागांबद्दल. सेलवर चालणारा ॲम्प असेल, कटाना मिनीला सहा पेन्सिल सेल लागतात, तर आठवडाभर वापरणार नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. सेल कमी झाले की आवाज आधी फाटतो आणि मग बारीक होतो, तो स्पीकरचा दोष नाही. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी बसली तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पट्ट्या पुसा. ती भुकटी अल्कली असते, आम्लाने विरघळते. मग ओलसर काडीने पुसून पूर्ण वाळू द्या.

अडॅप्टर लावताना व्होल्टेज तर बघाच, पण गोल पिनेची दिशाही बघा. गिटारच्या बहुतेक पेडलना मधला भाग निगेटिव्ह लागतो, इतर बऱ्याच अडॅप्टरना मधला भाग पॉझिटिव्ह असतो. पिन बसते म्हणून चालेल असं नाही. ॲम्पवर आणि अडॅप्टरवर छोटी गोल खूण छापलेली असते, ती जुळवा.

अमेरिकेतून भावाने किंवा मामाने आणलेला ॲम्प असेल तर मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. पाटीवर फक्त १२० लिहिलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारचा घाला. आकड्याआधी टी अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा प्रकार. तिथे वायरचा तुकडा किंवा चांदी गुंडाळायची नाही. फ्यूज पुन्हा लगेच उडाला तर ॲम्प काहीतरी सांगतोय, त्याचं ऐका.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळाच मुद्दा. मुंबई, कोकण, गोवा, चार महिने हवा ओली. जॅक, स्विच काळे पडतात, बाहेरच्या कापडाला बुरशी येते. ॲम्प बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात बांधू नका, ओल आतच राहते. सुती कापडाने झाका आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतल्या उबेने ओल जाते, नॉब-जॅक हलते राहतात, आणि तुमचा रियाजही होतो.

आता ज्याबद्दल शेवटी बोलू म्हटलं होतं ते.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा धातूच्या, त्या ग्राउंडला जोडलेल्या, आणि तुमची बोटं सतत त्यांच्यावर. म्हणजे ॲम्पचं अर्थिंग हे तुमच्या हातापर्यंत आलेलं आहे. १९७२ साली स्कॉटलंडच्या स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्सीला स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. १९७६ साली यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून गेला. दुसरी घटना स्टेजवरची नाही, घरातली आहे.

आपल्या जुन्या घरांमध्ये तीन छिद्रांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर असेलच असं नाही. ॲम्पला तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन कापायची नाही, दोन पिनांचा जुगाड लावायचा नाही. 'अर्थ काढला की हम जातो' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, तो कितीही छान वाजवत असला तरी. वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का तेही विचारा. गळती झाली की तो वीज तोडतो.

तारांना हात लावल्यावर किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला कधी कधी येतात तशा हलक्या झिणझिण्या चार्जरमधल्या बारीक गळतीच्याही असू शकतात. पण हाताला जाणवून ही साधी की घातक हे कुणालाच ओळखता येत नाही. ओले पाय, ओली फरशी असताना तर नकोच.

आणि ॲम्प उघडण्याबद्दल. २३० व्होल्ट हा परिणामी (आरएमएस) आकडा आहे, लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. आत स्विचिंगचा पॉवर सप्लाय असेल तर त्यातला मोठा कपॅसिटर एवढ्यावर भरलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तिथेही शेकडो व्होल्ट. म्हणून माझी सीमा सरळ आहे. केबल, पिन, जॅक-नॉब बाहेरून स्वच्छ करणं, सेल, फ्यूज, हे घरी. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या ॲम्पचा डबा उघडून करायचं काम त्यातल्या जाणकाराकडे. पण जाताना 'बिघडलाय, बघा' एवढंच सांगू नका. 'ऑक्समधून गाणं वाजतं, केबल तपासलीय, पिन हलवली की आवाज येतो-जातो' असं सांगा. मग बोर्ड बदलायची भाषा सहसा निघत नाही, आणि निघालीच तर 'का' असं विचारता येतं.

तर मंडळी, घरी कुठे बंद पडलेला छोटा ॲम्प असेल तर या आठवड्यात बाहेर काढा. आधी सॉकेट आणि प्लग बघा, मग केबल, मग जॅक, मग नॉब. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत वाजवत राहा, आणि शेजाऱ्यांसाठी रात्री दहानंतर हेडफोन लावा. नमस्कार.